बुटाची नाडी

जानेवारी २०२२. लेहच्या बरंच पुढे, एका पोस्टवर. जागेचं नाव लिहीत नाही. सकाळचे साडेसहा, थर्मामीटर उणे २७ वर. आमची बॅटरीची पेटी बंकरच्या दाराशी ठेवली होती आणि चंदगडकडचे एक हवालदार तिची कडी उघडायचा प्रयत्न करत होते. हातात एकावर एक दोन जाड ग्लोव्हज. अंगठा कडीखाली जाईना. दोनदा निसटला. मग त्यांनी दातांनी ग्लोव्हज ओढून काढले, उघड्या बोटाने कडी उचलली आणि लगेच ते बोट काखेत दाबून धरलं. त्या थंडीत उघडी कातडी धातूला चिकटते. कडी ॲल्युमिनियमची होती. मीच निवडली होती, गंजत नाही म्हणून.

"ताई, पेटी चांगलीय," ते म्हणाले. "पण ही कडी पुण्यात बसून केलीय."

त्यांनी खिशातून बुटाची जुनी नाडी काढली, कडीच्या भोकातून ओवली, दोन गाठी मारल्या आणि ग्लोव्हज घालूनच नाडी मुठीत धरून ओढली. पेटी उघडली. परत लावली, परत ओढली. उघडली. माझ्या चार वर्षांच्या कामातली सगळ्यात चांगली सुधारणा त्या माणसाने दोन मिनिटांत माझ्यासमोर केली.

ती नाडी पुढे सव्वा वर्ष आमच्या आड आली. ते सविस्तर लिहायचंय, कारण लष्कर नवी, अजून कुणी न वापरलेली वस्तू कशी विकत घेतं, आणि ती पद्धत कशी बदलायला हवी, याबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं त्या नाडीत आहे.

आधी पेटीबद्दल. माझं आजोळ साताऱ्याजवळचं मिलिटरी अपशिंगे. त्या गावात घराआड एक फौजी असतोच. माझे मामा नव्वदच्या दशकात सियाचीनला होते. ते सांगायचे, रात्री झोपताना वायरलेसच्या बॅटऱ्या बनियनच्या आत छातीशी घेऊन झोपायचं, नाहीतर सकाळी सेट बोलत नाही. लहानपणी मला ती नुसती गोष्ट वाटायची. सांगलीला वालचंदला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, पुढे बारा वर्षं नोकरीत बॅटऱ्यांवर काम केलं, तेव्हा मामा काय सांगत होते ते कळलं. उणे २०-३० ला लिथियम सेलची ताकद खूप घटते. त्याहून वाईट म्हणजे शून्याखाली तो चार्ज करायला गेलात तर आत लिथियमचा धातूचा थर बसायला लागतो आणि सेल कायमचा खराब होतो, कधी कधी धोकादायक होतो. म्हणजे बॅटरी आधी उबवायची आणि मगच चार्ज करायची.

आमची पेटी एवढंच करते. आत फोमचं अस्तर, सिलिकॉन रबरचा पातळ हीटर, सहा बॅटऱ्यांचे कप्पे आणि एक छोटं सर्किट. सेल पाच अंशांवर आल्याशिवाय ते चार्जिंगचा करंट सोडतच नाही. दिवसा सोलर पॅनेलवर, रात्री जनरेटरवर. वजन ४ किलो २०० ग्रॅम. पुण्यात नऱ्ह्याला आमचं वर्कशॉप आहे, अकरा माणसं. पहिला नमुना २०१९ मध्ये झाला.

मग आमंत्रण आलं. त्यावर लिहिलं होतं, 'नो कॉस्ट नो कमिटमेंट'. लष्कराशी काम करणाऱ्या प्रत्येक छोट्या माणसाला हे चार शब्द पाठ असतात. म्हणजे तुम्ही वस्तू घेऊन या, चाचणी करून दाखवा, लष्कर त्याचे पैसे देणार नाही आणि पुढे घेईलच असं कसलंही वचन नाही. मोठ्या कंपनीला यात काही वाटत नाही, तो तिच्या जाहिरातीचा खर्च असतो. आमच्यासाठी तो साडेनऊ लाखांचा होता. चार पेट्या, तीन माणसं, सामानाचं विमानभाडं. त्यात उंचीवर थेट चढता येत नाही. लष्कराचा नियम आहे, पहिल्या टप्प्यात सहा दिवस, पुढच्या उंचीला चार आणि त्याहून वर आणखी चार. शरीराला सवय होईपर्यंत थांबायचं. नियम योग्यच आहे, लोक यात जीव गमावतात. पण ते चौदा दिवस आम्ही तिघं लेहला आणि त्याच्या वर एका खोलीत बसून होतो, आणि नऱ्ह्यात दोन लेथ बंद होत्या. घराचे कागद बँकेत ठेवले होते. आईला हे अजून माहीत नाही. हा ब्लॉग ती वाचत नाही.

चाचणी आठ दिवस चालली. पहिल्या रात्री एका पेटीत ओल आली. झाकणाची ओ-रिंग नायट्राइल रबरची होती, थंडीने ती कडक होऊन तिने फट सोडली. पुण्यात आम्ही थंड चेंबर तासाच्या भाड्याने घेऊन उणे ४० ला तपासलं होतं, तिथे हे दिसलं नव्हतं. चेंबरमध्ये पेटी कुणी दर तासाला उघडत नाही. पोस्टवर उघडतात. सोबत सिलिकॉनच्या ओ-रिंग नेल्या होत्या, त्या रात्रीच बसवल्या. दुसरं, चार्जिंगचा हिरवा दिवा अंधारात लांबून दिसतो हे एका लान्स नायकाच्या लक्षात आलं आणि त्याने त्यावर काळी टेप लावली. तिसरी ती नाडी.

म्हणजे आठ दिवसांत आम्हाला तीन दोष सापडले, तीनही खरे आणि तीनही सुधारण्याजोगे. माझ्या दृष्टीने याहून यशस्वी चाचणी असूच शकत नाही.

पण फॉर्मवर रकाने दोनच होते. 'पूर्तता करते' आणि 'पूर्तता करत नाही'.

पुण्याला आल्यावर आम्ही कडी बदलली. ॲल्युमिनियम काढून नायलॉनची मोठी पट्टी आणि तिला विणलेला नाडीसारखा फास, ग्लोव्हजमधली मूठ आत जाईल एवढा. खर्च पेटीमागे ६२ रुपये. आनंदाने कळवलं. उत्तर आलं की चाचणी ज्या नमुन्याची झाली त्या नमुन्यात बदल झाला असल्याने तो आता चाचणी झालेला नमुना धरता येत नाही. नव्या नमुन्यासाठी नव्याने अर्ज करा. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. ज्या साहेबांनी ते पत्र सही करून पाठवलं ते फोनवर माझ्याशी फार आपुलकीने बोलले. "मॅडम, मला पटतंय हो. पण मी हे फाइलवर कसं लिहू?"

हा त्यांचा प्रश्न मला दिवसभर छळत राहिला. कारण तो बरोबर होता.

लष्करी खरेदीची पद्धत तयार वस्तूसाठी बांधलेली आहे. आधी गरज लिहायची, तिला क्यूआर म्हणतात. मग मंजुरी, मग निविदा, मग तांत्रिक छाननी, मग मैदानातली चाचणी, मग किमतीची पाकिटं उघडायची आणि सगळ्यात स्वस्त जो, एल-वन, त्याच्याशी वाटाघाटी. या साखळीत नमुना मध्येच बदलू द्यायचा नाही हा नियम लबाडी थांबवण्यासाठी आहे. चाचणीला एक आणायचं आणि पुरवठ्यात दुसरं खपवायचं, असं घडलेलं आहे म्हणून तो आला. ट्रकचे टायर घेताना तो हवाच. पण जी वस्तू अजून घडतेय तिला हाच नियम लावला की शिकण्याची सोयच संपते. जवानाने सुचवलेली दुरुस्ती हा फाइलच्या भाषेत दोष होतो.

आणि भीती. बाहेरच्या लोकांना ती कळत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. मार्च १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला आणि साधारण वर्षभराने लाचेचा आरोप बाहेर आला. तोफ उत्तम होती, १९९९ मध्ये कारगिलला ते साऱ्या देशाने पाहिलं. पण त्या प्रकरणानंतर नव्या तोफेचा पुढचा मोठा करार, अमेरिकी एम-७७७ चा, नोव्हेंबर २०१६ मध्ये झाला. तीस वर्षं. त्या तीस वर्षांत सही करणाऱ्या प्रत्येकाने एक धडा घेतला. न घेतलेल्या वस्तूबद्दल चौकशी होत नाही, घेतलेल्या वस्तूबद्दल होते. दक्षता आयोग, कॅग, सीबीआय, संसदेतला प्रश्न, हे सगळं घेणाऱ्याच्या वाट्याला येतं. पोस्टवर बॅटरी बंद पडली म्हणून कुणाही साहेबांना कधी नोटीस आली नाही.

याच पुण्यात पाषाणला एआरडीई ही शस्त्रास्त्रांची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथे २०१३ मध्ये एटॅग्स या तोफेचं काम सुरू झालं. मुंढव्याची भारत फोर्ज आणि टाटा, दोघांना सुरुवातीपासून सोबत घेतलं, ही फार चांगली गोष्ट केली. २०१७ मध्ये पोखरणला या तोफेने ४८ किलोमीटरच्या आसपास गोळा टाकला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये चाचणीत नळी फुटली, काही जण जखमी झाले. काम थांबलं, कारण शोधलं, पुन्हा सुरू झालं. ३०७ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. बारा वर्षं. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. तोफ ही तोफ आहे, बारा वर्षं लागतातही. पण त्या बारा वर्षांत नळी फुटूनही प्रकल्प जगला, कारण मागे सरकारी प्रयोगशाळा होती आणि दोन मोठे उद्योग होते. नऱ्ह्यातल्या अकरा माणसांच्या वर्कशॉपची एक ओ-रिंग गळली तर आम्हाला दुसरी संधी कोण देणार?

सुधारणा झालेल्या नाहीत असं नाही, आणि ज्यांनी केल्या त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. संरक्षण उत्पादन खासगी उद्योगांना खुलं झालं तेच मुळी २००१ मध्ये. २००५ मध्ये आपल्या विजय केळकरांच्या समितीने अहवाल दिला, खासगी उद्योगाला बरोबरीने घ्या म्हणून. पुढच्याच वर्षीच्या खरेदी पद्धतीत 'मेक' हा मार्ग आला, म्हणजे वस्तू इथे विकसित करून घ्यायची. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना क्यूआरबद्दल उघड बोलले होते, काही अपेक्षा मार्व्हलच्या कॉमिक्समधून उचलल्यासारख्या वाटतात असं. आयआयटीत धातुशास्त्र शिकलेला माणूस तो, त्याला कळत होतं की एकाच वस्तूत हलकेपणा, मजबुती आणि स्वस्ताई तिन्ही टोकाला नेता येत नाहीत. त्यांच्या काळात धीरेंद्र सिंह समिती बसली आणि २०१६ ची नवी पद्धत आली. ऑगस्ट २०१६ मध्ये आर्मी डिझाइन ब्युरो सुरू झाला. मला पहिल्यांदा पोस्टवरची खरी अडचण कळली ती त्यांच्याच एका पुस्तिकेतून.

आणि २०१८ चं आयडेक्स, लष्करासाठी नवं काही घडवणाऱ्या छोट्या उद्योगांना पैसे देणारी सरकारी योजना. माझ्या ओळखीचे दोघं त्यात निवडले गेले. दीड कोटींपर्यंत अनुदान, तेवढाच वाटा आपला, टप्प्याटप्प्याने पैसे. नंतर ती मर्यादा दहा कोटींपर्यंत गेली, २०२४ च्या अदिती योजनेत पंचवीस कोटींपर्यंत. नौदलाने तर याचा फार चांगला उपयोग केला. पुण्याच्या सागर डिफेन्सची माणसाविना चालणारी बोट २०२४ मध्ये मुंबईहून थूथुकुडीला निघाली, दीड हजार किलोमीटर. बातमी ऐकली त्या दिवशी आम्ही वर्कशॉपमध्ये पेढे वाटले होते, आमचा काही संबंध नसताना.

तरीही आकडे पाहा. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत आयडेक्समध्ये ४०० हून अधिक करार झाले होते. त्यातून खरेदीपर्यंत गेलेल्या वस्तू होत्या ४३. नमुना करायला पैसा मिळतो, नमुना उत्तम होतो, फोटो निघतात, आणि मग तो नमुना काचेच्या कपाटात जातो. कारण नमुना होईपर्यंत एक खिडकी आणि खरेदीसाठी दुसरी, आणि दुसऱ्या खिडकीत पुन्हा पहिल्यापासून सगळं. २०२२ मध्ये मंत्रालयाने आयडेक्सच्या वस्तूंसाठी मंजुरीपासून करारापर्यंत २२ आठवड्यांची चौकट आखून दिली, ते पाऊल योग्य दिशेचं आहे. पण आमची पेटी आयडेक्सच्या कोणत्याच आव्हानात बसत नव्हती. 'बॅटरी उबदार ठेवा' असं आव्हान कुणी काढत नाही. ते फार छोटं काम आहे. छातीशी बॅटरी घेऊन झोपणाऱ्याला मात्र ते छोटं नाही.

आमचं पुढे काय झालं तेही सांगते. २०२३ मध्ये अशाच पेटीची निविदा निघाली. क्यूआर वाचून मी खुर्चीत तशीच बसून राहिले. वजन तीन किलोच्या आत. उणे ५० पर्यंत काम. वर रंगीत स्क्रीन, प्रत्येक बॅटरीची टक्केवारी दाखवणारी. उणे २७ ला ग्लोव्हज घालून कडी उघडत नाही तिथे स्क्रीन कोण बघणार? हे लिहिणारा माणूस वाईट नव्हता. त्याने चार कंपन्यांची माहितीपत्रकं समोर ठेवली आणि प्रत्येकातलं उत्तम तेवढं एकत्र लिहिलं. पोस्टवरच्या हवालदारांना कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायचा रकाना नाही. आणि आमच्या चाचणीत हजर असलेले मेजर साहेब, ज्यांना सगळं ठाऊक होतं, ते तोवर बदलून गेले होते. दोन-अडीच वर्षांनी पोस्टिंग बदलतं. फाइल राहते, समज निघून जाते.

आम्ही बोली लावली नाही. बाकीच्यांपैकी एकाचीच आली, आणि एकच बोली म्हणून निविदा रद्द झाली. अजून पुन्हा निघालेली नाही.

पेटी पोस्टवर पोचली ती वेगळ्याच वाटेने. आर्मी कमांडरना स्वतःच्या अखत्यारीत तातडीची खरेदी करण्याचे काही आर्थिक अधिकार असतात. त्यातून एका फॉर्मेशनने, म्हणजे लष्कराच्या एका मोठ्या तुकडीने, २०२३ च्या हिवाळ्याआधी आमच्या ६० पेट्या घेतल्या, नाडीवाल्या. पैसे दिले. चाचणी म्हणून नव्हे, वापरायला. करारात एक ओळ होती जी वाचून मी आमच्या फिटर काकांना मोठ्याने वाचून दाखवली. हिवाळा संपेपर्यंत वापरणाऱ्यांच्या सूचनेनुसार पुरवठादाराने सुधारणा कराव्यात.

मी प्रत्येक पेटीत एक शंभरपानी वही ठेवली आणि दोऱ्याने एक पेन्सिल बांधली. पेन चालत नाही, शाई गोठते. मे महिन्यात ५१ वह्या परत आल्या. तेलाचे डाग, बुखारीच्या, म्हणजे बंकर उबवायच्या शेगडीच्या, काजळीचे ठसे, हिंदी, मराठी, गोरखाली, काही पानं गुरमुखीत. ती वाचून घ्यायला पिंपरीच्या गुरुद्वाऱ्यातल्या एका काकांकडे गेले. त्या वह्यांत मला काय नाही मिळालं! कप्पे सहा आहेत पण त्यांच्या नव्या सेटची बॅटरी अर्धा इंच लांब आहे. खेचराच्या पाठीवर बांधताना कोपरे टोचतात, गोल करा. पेटीचं झाकण कुणी पाटासारखं वापरतंय, वर चहाचा मग ठेवायला खळगा द्या. आणि एका पानावर, 'रात को दो बार उठना बंद हुआ'. बस, एवढंच. कारण त्या पोस्टवर आधी रात्री उठून बॅटऱ्या बुखारीजवळ फिरवायला लागायच्या.

क्यूआर म्हणजे खरं तर ही वही. ती आधी लिहिताच येत नाही. साठ पेट्या एक हिवाळा वापरल्यावरच लिहिता येते. मला या सगळ्यातून एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. नवी वस्तू थोडी घ्या, पैसे देऊन घ्या, वापरायला द्या, बदलू द्या, आणि क्यूआर त्यानंतर लिहा. आज क्रम बरोबर उलटा आहे.

पैसे देऊन यावर मी अडून बसते, कारण फुकट चाचणी ही कुणालाच स्वस्त पडत नाही. ज्याच्याकडे गहाण टाकायला घर आहे तोच येतो. बाकीचे, कदाचित माझ्याहून हुशार, येतच नाहीत आणि लष्कराला कळतही नाही की कोण आलं नाही. शिवाय फुकट आलेल्या वस्तूकडे घेणाराही मन लावून बघत नाही. ज्या दिवशी साठ पेट्यांचं बिल निघालं त्या दिवसापासून त्या युनिटने त्या पेट्या आपल्या मानल्या.

मग एल-वनचं काय, हा प्रश्न हमखास येतो. प्रयोगात ज्याची वस्तू टिकली, त्याचीच पहिली मोठी खेप निविदेशिवाय घ्यावी असं माझं मत आहे. किंमत वाजवी आहे का ते खर्चाचे कागद तपासून ठरवा, मी माझी सगळी खातेवही उघडून ठेवते. अमेरिकेत छोट्या उद्योगांसाठी १९८२ मध्ये एसबीआयआर नावाची योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या दोन टप्प्यांत जो उतरला त्याला तिसऱ्या टप्प्यात पुन्हा स्पर्धा न लावता कंत्राट देता येतं. त्यांच्याकडेही बरेच जण दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अडकतात, पण निदान दार आहे. आपल्याकडे चार वर्षं एकाने घाम गाळायचा, त्याचा नमुना सगळ्यांनी बघायचा आणि मग पाचव्या वर्षी ज्याने काही शोधलं नाही तो शंभर रुपये कमी लावून काम घेऊन जायचा, असं होऊ शकतं. माझ्या एका मैत्रिणीचं तसंच झालं. तिने नंतर लष्करासाठी काम करणं सोडलं. आता ती हॉटेलांच्या किचनसाठी एक्झॉस्टची कंट्रोल पॅनेल करते. तिचं काम चांगलं चाललंय, पण तिच्या हातात होतं ते कौशल्य या देशात दहा जणांकडे नसेल.

आणि सही करणाऱ्या साहेबांना संरक्षण द्या. बजेटमध्ये प्रयोगासाठी वेगळं खातं काढा आणि त्याच्या मथळ्यावरच लिहा की यातल्या काही वस्तू चालणार नाहीत. कॅगने या खात्यात एवढंच तपासावं की पैसा कुठे गेला, नमुना खरंच वापरला का, वहीत काय लिहिलं. चालली नाही म्हणून ताशेरे नकोत. प्रामाणिकपणे फसलेला प्रयोग आणि खाल्लेला पैसा यांत फरक करणारा कागद जोवर नाही, तोवर कोणताही समजूतदार अधिकारी सही टाळणारच, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही टाळली असती.

आणीबाणीची खरेदी आहेच की, असं कुणी म्हणतं. उरीनंतर, गलवाननंतर, २०२५ च्या मे महिन्यातल्या ऑपरेशन सिंदूरनंतर ते अधिकार पुन्हा दिले गेले. गलवाननंतर एका प्रकरणाला ३०० कोटींची मर्यादा होती. त्यातून चांगल्या गोष्टी झाल्या. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जला २०२१ मध्ये ड्रोनची मोठी ऑर्डर लष्कराने दिली, तिनेही दाखवलं की लडाखच्या उंचीवर टिकणारी वस्तू आपल्याकडे होते. पण घाईत पाहणं निसटतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ४०० ड्रोनचे करार रद्द करावे लागले, आत चिनी भाग निघाले म्हणून. आमचे सेल कोरियन आहेत, त्याचे कागद पेटीच्या क्रमांकासह ठेवलेले आहेत, पण ते कुणी मागितले नव्हते, आम्ही स्वतःहून दिले. शांततेच्या काळात सावकाश पन्नास-पन्नास वस्तू वापरून बघितल्या असत्या तर संकटात हात कुठे घालायचा ते आधीच ठरलेलं असतं.

२०२५ च्या जूनमध्ये मंत्रालयाने २०२० च्या खरेदी पद्धतीचा फेरआढावा घ्यायला समिती नेमली आणि उद्योगांकडून सूचना मागवल्या. मी चार पानं पाठवली. सोबत वहीच्या तीन पानांच्या झेरॉक्स जोडल्या, त्यातलं एक ते 'दो बार उठना बंद हुआ'. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून महसुली, म्हणजे रोजच्या गरजेच्या सामानाच्या, खरेदीची नवी नियमपुस्तिका लागू झाली, तीत विकासाच्या काळात उशिराचा दंड लावायचा नाही आणि पाच वर्षांपर्यंत मागणीची हमी देता येईल, अशा तरतुदी आहेत. त्या वाचून मला खूप बरं वाटलं. कुणीतरी छोट्या माणसाचं वर्ष कसं जातं ते समजून घेऊन लिहिलंय. भांडवली, म्हणजे नव्या साधनांच्या, खरेदीत, नव्या वस्तूच्या पहिल्या पन्नास नगांना, हेच मिळालं पाहिजे. माझ्या चार पानांत पहिली ओळ तीच आहे.

मामा गेल्या वर्षी गेले. त्याआधी एकदा नऱ्ह्याला आले होते. पेटी उघडून बघितली, आत हात घातला, हीटर चालू होता. हात बराच वेळ तसाच आत ठेवला. मग विचारलं, "रातभर गरम राहती?" म्हटलं, राहते. "मग पोरं नीट झोपत्याल," म्हणाले.

आत्ता टेबलावर चौथी आवृत्ती उघडून ठेवलीय. कोपरे गोल झालेत, कप्पे अर्ध्या इंचाने वाढलेत, कडीचा फास तोच आहे. हिरवा दिवा झाकणाच्या आत घेतलाय, पण त्यामुळे त्याच्या वायरची वाट हीटरच्या अंगावरून जातेय आणि ते मला पटत नाहीये. फिटर काका म्हणतात, दिवाच काढून टाकू, चार्ज झाल्यावर बोटाला कळेल असं बटण वर उचलू दे. अंधारातही चालेल, ग्लोव्हजमधूनही. बुधवारी चेंबर मिळालाय, सकाळी सात ते अकरा. या वेळी दर पंधरा मिनिटांनी दार उघडून बघायचं ठरवलंय.